पालथा समुद्र

दसरा झाला की लखनौमध्ये संदुकीतून रजया बाहेर येतात. गच्च्यांवर ऊन खात पडतात, डांबराच्या गोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो, आणि माझ्या पोटात एक जुनी कळ उठते. तिचं नाव मला चांगलं माहीत आहे. मत्सर. पण हा शब्द फार कीर्तनातला वाटतो. आमच्या मराठीत काय आणि इथल्या हिंदीत काय, रोजच्या वापरातला शब्द एकच, जळणं. तर मी जळते.

यंदा निमित्त झाली आमची रेवा. नोकरीच्या गावाहून सुट्टीला आली ती माळ्यावरची सॅक उतरवायलाच. मैत्रिणींबरोबर डोंगरात जायचं होतं. सॅक झटकली, बुटांच्या नाड्या ओवल्या आणि "मम्मा, मेरी वो ऊनी टोपी कहाँ है?" म्हणून घर डोक्यावर घेतलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती हिंदीत देते. लखनौच्या मराठी मुलांची हीच रीत. मी टोपी शोधून दिली, लाडू बांधून दिले. आलमबागहून मेट्रो पकडून ती चारबाग स्टेशनला गेली. हे अंतर आता कळतही नाही, सीटवर नीट टेकेपर्यंत स्टेशन येतं. मी खिडकीशी उभी राहिले. माझा नवरा माधव शेंगा सोलत बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "जळतेयस." मी म्हटलं, "हो." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गोष्टी लपवायचा कंटाळा येतो.

आम्ही दोघंही भूशास्त्राची माणसं. या धंद्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पाऊस ओसरतो, वाटा वाळतात, आणि जो तो हातोडी आणि होकायंत्र घेऊन खडक बघायला बाहेर पडतो, तो होळीला ऊन तापलं की परततो. त्याला आम्ही फील्ड म्हणतो. ‘फील्डला गेलाय’ एवढ्या दोन शब्दांत माझे नव्वदच्या दशकातले सगळे हिवाळे मावतात. गेलेला असायचा माधव, आणि हे दोन शब्द दारात येणाऱ्याला सांगायचं काम माझं.

नागपूरला आम्ही एका वर्गात होतो. मी पहिली आले, तो दुसरा. हे मी पाहुण्यांना अजून सांगते आणि तो अजून हसून मान डोलावतो. पण लखनौच्या संस्थेत कायमची नोकरी त्याला मिळाली. मी लग्न करून मागोमाग आले, मग रेवा झाली, आणि ती शाळेत जायला लागल्यावर त्याच प्रयोगशाळेत मला अर्ध्या दिवसाचं हंगामी काम मिळालं. प्रकल्प मोठा होता. ज्युरासिक काळात कच्छमध्ये समुद्र होता. तो केव्हाच गेला. त्याने तळाशी टाकलेली वाळू, चिखल आणि शिंपले तेवढे दगड होऊन डोंगरांत राहिले. त्या थरांवरून तो समुद्र पुन्हा मांडायचा होता. किनारा कुठे होता, खोल पाणी कुठे होतं, समुद्र आत येत होता की मागे हटत होता. जाड वाळू असेल तर किनारा जवळ, बारीक चिखल असेल तर किनारा लांब आणि पाणी शांत. वाळूवर चिखल चढत गेला असेल तर समुद्र आत आला. चिखलावर वाळू आली असेल तर तो मागे गेला. एवढ्याशा गोष्टीवर सगळा नकाशा उभा राहतो.

तो समुद्र माधव बघायचा आणि मी घासायचे. त्याने पोत्यांतून पाठवलेले दगड यंत्रावर कापायचे, काप राळेने काचेवर चिकटवायचा आणि पूड टाकून पाण्यात घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा. मग तो मायक्रोस्कोपखाली. जानेवारीतलं लखनौ, धुकं खिडकीच्या गजांना चिकटलेलं, बत्ती गुल, आणि नळाचं पाणी असं की बोटं आपली आहेत यावर विश्वास बसू नये. नखांच्या कडा फाटायच्या. संध्याकाळी त्यांना तूप चोळताना मला माधवच्या हातांचा हेवा वाटायचा. त्याचेही हात फाटायचे, पण उन्हाने.

काचेखालचा समुद्र सुंदर असे, नाही असं नाही. लाटांनी तळावर लोळवून गोल केलेले सोनेरी दाणे, शिंपल्यांच्या चिरा, एखाद्या गोगलगाईचं वेटोळं. माझ्याइतक्या बारकाईने तो कोणी पाहिला नसेल. पण तो होता शर्टाच्या बटणाएवढा. बटणाच्या कडेला पोचलं की संपला. त्या कडेपलीकडे काय आहे, डोंगर केवढा आहे, वाऱ्याला कसला वास येतो, हे सगळं माधव आणि फराह यांच्या मालकीचं होतं.

फराह म्हणजे प्रकल्पात नव्याने आलेली मुलगी. चौक नावाच्या जुन्या लखनौच्या मोहल्ल्यात वाढलेली, नुकतीच एम.एस्सी. झालेली, बोलायला गोड आणि चालायला घोड्यासारखी. तिचे वडील तिला स्टेशनवर पोचवायला येत आणि माधवला म्हणत, "साहब, ज़िद्दी है, धूप में टोपी नहीं पहनती, आप डाँट दीजिएगा." मला कोणी असं फील्डवर पोचवायला आलं नव्हतं, कारण मला कोणी पाठवलंच नव्हतं. फराहने पहिल्या पगारातून घोट्यापर्यंत येणारे जाड तळव्यांचे बूट घेतले होते. प्रयोगशाळेत आली की दाराशी काढून ठेवायची. त्यांच्या शिवणीत लाल माती बसलेली असे. कोणी नसताना मी ती नखाने कोरून बघायचे.

आमची घरमालकीण श्रीवास्तव आंटी. आलमबागला लागून, मानक नगरच्या कडेला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही तेव्हा भाड्याने राहायचो. त्यांचे यजमान रेल्वेत इंजिनिअर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. गच्चीवर मटार सोलताना एकदा आंटींनी आवाज खाली आणला.

"बहू, एक बात कहूँ? बुरा तो नहीं मानोगी?"

"कहिए ना."

"ये जो लड़की साथ में जाती है... हर बार वही जाती है?"

"हाँ आंटी, वही."

"और तुमको कुछ होता नहीं?"

"होता है. बहुत होता है."

आंटींनी मटाराची परात बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला आणि सोळा सोमवार धरायला सांगितले. कसे धरायचे, उद्यापनाला काय करायचं, सगळं समजावलं. आता त्यांना काय सांगू? माधवचा मला संशय नव्हता. माधव ज्या नजरेने बघतो ती नजर चिखलाच्या थरांसाठी राखून ठेवलेली असते, हे मी कॉलेजपासून ओळखून आहे. बाईने बाईवर जळायचं ते नवऱ्यापायी, असा जगाचा समज आहे, आणि तो समज फार सोयीचाही आहे. सहानुभूती मिळते, मटार सोलून मिळतात. माझा डोळा होता त्या बुटांवर. हे सांगितलं असतं तर आंटींनी मला वेड्यात काढलं असतं.

वर आमच्या पोरीने कडी केली. शाळेत बाईंनी विचारलं, तुमचे मम्मी-पापा काय करतात? रेवा उभी राहिली आणि म्हणाली, "मेरे पापा समंदर ढूँढते हैं." आणि मम्मी? "मम्मा पत्थर घिसती हैं." बाईंनी मला हे फाटकाशी हसत हसत सांगितलं. मीही हसले. घरी येताना आलमबागच्या बाजारात भाजीवाल्याशी उगाच भांडले.

रविवारी माधव भूजहून फोन करायचा. आंटींच्या दिवाणखान्यात फोन असे. मी खाली जाऊन उभी राहायचे, आंटी पेपर उलटा धरून ऐकायच्या. मी विचारायचे, "काय पाहिलंस?" त्याचं उत्तर ठरलेलं. "काही नाही गं. दगड आणि धूळ. मजा तर तुझी आहे. चौकातली मख्खन मलाई खाल्लीस की नाही?" ही मख्खन मलाई म्हणजे थंडीतच मिळणारा, दवात घुसळलेल्या दुधाचा केशरी फेस. लखनौवाले तिच्यासाठी जीव टाकतात. मी खाल्लेली असायची, आवडलेलीही असायची, आणि तरी त्या क्षणी ती मला कडू लागायची. तो माझं मन राखायला असं बोलतो हे मला कळत होतं, आणि त्याचाच राग यायचा. ज्याच्यावर जळायचं त्याने निदान तोऱ्यात तरी असावं. तो समोरच्याची समजूत घालायला लागला की जळणाऱ्याला उभं राहायलाही जागा उरत नाही.

एकदा मी म्हटलं, "दगड आणि धूळच आहे तर येऊ नकोस का म्हणतोस? मलाही दाखव की."

"तू काहून चिडतेस, उषा? रेवाची शाळा आहे. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष हा लखनौच्या धुक्यासारखा प्रकार आहे. दिसतं सगळीकडे, हाताला काही लागत नाही.

ज्या हिवाळ्याचं मी सांगते आहे त्यात संक्रांतीनंतर पोत्यांची एक खेप आली. कच्छच्या उत्तरेकडच्या एका डोंगरातले दगड होते. त्या बाजूला जमिनीत मोठी भेग आहे आणि तिच्याजवळ थर आडवे न राहता चांगलेच उभे झालेले आहेत. दगड फोडून काढण्याआधी त्याच्यावर रंगाने एक बाण काढायचा असतो, थराची वरची बाजू दाखवणारा. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दगड एकदा पोत्यात पडला की त्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे तो स्वतः सांगत नाही. बाण काढायचं काम फराहचं होतं. माझं काम तो बाण काचेच्या कडेवर कोरून ठेवायचं.

त्या दगडांत बारीक शिंपले होते. शिंपला मरून तळाशी पडतो, त्याच्या पोकळीत थोडा चिखल शिरतो आणि खाली बसतो. वरची रिकामी जागा पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरते. म्हणजे प्रत्येक शिंपला अर्धी भरलेली वाटी असते. चिखल नेहमी खाली, पांढरं नेहमी वर. गुरुत्वाकर्षण ज्युरासिकमध्येही असंच होतं. मी काच ठेवली, बाण वर केला, डोळा लावला. सगळ्या वाट्या पालथ्या होत्या. काळं वर, पांढरं खाली.

आधी वाटलं माझीच काच उलटी लागली. दुसरी बनवली, तिसरी बनवली. वेगळ्या दगडातली बनवली. पालथ्या. मग माझ्या मनात आलं, बाण चुकला. फराहने उलटा काढला. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की मी उठून खिडकीशी गेले आणि धुक्याकडे बघून हसले. एवढे चांगले बूट घेऊनही पोरीला वर आणि खाली कळेना.

माधव आणि फराह परतल्यावर मी तिला मायक्रोस्कोपशी बसवलं. तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "मैडम, बाण तो मैंने आसमान की तरफ़ ही बनाया था. एक-एक पत्थर पर. कसम से." आमच्यात राहून बाण हा शब्द ती मराठीच वापरायची. ती खोटं बोलत नव्हती. मग बाण बरोबर, वाट्याही बरोबर, तर चुकलं काय? मी तिच्याकडे बघत राहिले आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. बाण आकाशाकडे होता. पण तो डोंगरच उलटला होता. थर उभे होत होत पार पालथे झाले होते, आणि तिथे आकाशाची बाजू म्हणजे थराचा तळ होता. फराहने तिला शिकवलं होतं तसंच केलं होतं. तिला ‘इथे बाण वर’ असं सांगणारा माधव होता.

माझा आनंद जागच्या जागी बसला. नव्या पोरीची चूक निघणं आणि वर्गात दुसऱ्या आलेल्या नवऱ्याची चूक निघणं यांत फरक आहे. तरी तो पार गेला असं म्हणणार नाही.

माधवने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "काच उलटी चिकटली असेल."

"सगळ्या?"

"शिंपले घरंगळले असतील."

"सगळे?"

तेव्हा तो बोलला ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "उषा, तू ती जागा पाहिलेली नाहीस."

मी म्हटलं, "मग दाखव." आणि मला रडू आलं. प्रयोगशाळेत, फराहच्या समोर.

गोष्ट लहान नव्हती. त्या डोंगरात खाली चिखल आणि वर वाळू धरून आम्ही नकाशावर समुद्र मागे हटवला होता. थर पालथा असेल तर आधी वाळू होती, मग चिखल आला. म्हणजे जिथे आम्ही समुद्राला घालवलं होतं तिथे तो खरं तर आत येत होता. प्रकल्पाचे प्रमुख मिश्रा सर. जुन्या लखनौचे, रागावतानाही अदबीने रागावणारे. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. माधव म्हणाला, "सर, होली से पहले मैं जाकर देख आता हूँ."

मी कपाळाला हात लावायची राहिले. म्हणजे माझ्या शोधाने त्यालाच आणखी एक फील्ड मिळत होती.

मिश्रा सरांनी कप खाली ठेवला. "आप तो देख आए हैं, भाई," ते माधवला म्हणाले. "अब ज़रा इन्हें देखने दीजिए." घरी जाताना सवारीच्या टेंपोत माधव म्हणाला, "रेवाला मी सांभाळतो." आवाज बरा होता. चेहरा मी पाहिला नाही, टेंपोत अंधार होता.

सोबतीला फराह आली. निघायच्या आदल्या दिवशी तिने ते बूट आणून माझ्यासमोर ठेवले. "मैडम, ये आप पहनिए. घिस चुके हैं, काटेंगे नहीं. मैं कैनवास वाले में चल लूँगी." मी नको म्हटलं नाही. मला ते सैल होत होते, म्हणून मी माधवचे दोन जोड मोजे घातले. तिचा चांगुलपणा मला टोचत होता आणि बूट मात्र मुळीच टोचत नव्हते.

डोंगर मी मनात पाहिला होता त्याहून लहान निघाला. माती शिवणीतल्या मातीसारखीच लाल होती. सकाळभर आम्ही थरांवरून चाललो, बोट लावून बघितलं, काही ठरेना. वरून बघताना सगळं सरळ दिसत होतं; माधवची चूक मला तिथे उभं राहून समजली आणि थोडी मायाही वाटली. मग कडेला खडकाची एक जाड फळी पुढे आलेली दिसली. तिच्याखाली वेड्या बाभळीचं झुडूप माजलं होतं, म्हणून कोणी तिकडे वाकलं नसावं. मी हातोडीने काटे बाजूला केले आणि त्या फळीखाली सरपटत जाऊन पाठीवर आडवी झाले.

डोक्यावर समुद्राचा तळ होता. लाटांनी वाळूवर ओढलेल्या बारीक वळ्या, एकीमागे एक, हात पुरेल तिथपर्यंत. त्यांच्यात किड्यांनी चालून काढलेल्या वाटा. लाट वळ्या उठवते ती वाळूच्या वरच्या अंगावर, आणि इथे त्या फळीच्या खालच्या अंगावर होत्या. मी खाली आणि समुद्र वर, छतासारखा. मी हात उंच करून त्या वळ्यांवर तळवा ठेवला. त्या गार होत्या. बटणाच्या कडेपलीकडे काय असतं ते मला कळलं. बाहेरून फराह हाका मारत होती, "मैडम, कुछ दिखा?" आणि मला उत्तर द्यायचं नव्हतं. आणखी थोडा वेळ तो माझ्या एकटीचाच राहू द्यायचा होता. मग सरकून मी तिला जागा करून दिली. ती आडवी झाली आणि तिनेही हात उंच करून वळ्यांवर तळवा ठेवला.

संध्याकाळी भूजहून मी घरी फोन लावला. आंटींनी माधवला वरून बोलावलं. मी म्हटलं, "थर पालथाच आहे." तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "रेवा भात खात नाहीये."

परतीची गाडी चारबागला आली तेव्हा धुकं ओसरलेलं होतं, होळी तोंडावर होती. माधव रेवाला खांद्यावर घेऊन फलाटावर उभा होता. माझं नाक सोललं होतं, ओठ फुटले होते, बुटांत माती होती. रेवा माझ्याकडे झेपावली आणि तिने विचारलं, "मम्मा, समंदर मिला?" मी म्हटलं, "मिला." माधवने दगडांचं पोतं उचललं, ते वजनाने वाकडं झालेलं बघितलं, माझ्या नाकाकडे बघितलं. आम्ही रिक्षात बसलो, मध्ये रेवा, पायाशी पोतं. रिक्षावाल्याने पायडल मारलं तेव्हा माधवने विचारलं, "मग? काय काय पाहिलंस?"

त्याने ते इतकं सहज विचारलं, आणि त्या सहजपणाच्या आत काय दाबून धरलेलं आहे ते मला एका झटक्यात ओळखू आलं. किती वर्षं मी तो प्रश्न अगदी त्याच आवाजात विचारत आले होते.

मी म्हटलं, "काही नाही रे. दगड आणि धूळ."

त्याने मान वळवली. पाणावलेले, चिडलेले, हट्टी डोळे. माझेच डोळे, त्याच्या चेहऱ्यावर. त्या डोंगरावरून तो हिवाळ्यामागून हिवाळे चालला होता, आणि त्याच्या पायाखाली जे होतं ते मी डोक्यावर पाहून आले होते.

मी त्याला सगळं सांगितलं. फळी, बाभूळ, वळ्या, किड्यांच्या वाटा, तळव्याला लागलेला गारवा, सगळं. पण आलमबाग येईपर्यंत नाही.